बरोबरीची बाजी



दोन पक्षांच्या वाटाघाटी अडून पडल्या, कोणाचेंच पाऊल पुढें पडेना, म्हणजे वर्तमानपत्रांत 'जिच निर्माण झाली' असें छापून येतें. हा शब्द फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला आणि तो बुद्धिबळाच्या पटावरचा आहे. ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह नाहीं, परंतु नियमाला धरून करतां येईल अशी एकहि खेळी त्याच्यापाशीं उरलेली नाहीं, या अवस्थेला जिच म्हणतात. व्यवहारांत जिच म्हणजे काम अडलें आणि वेळ फुकट गेला, असा अर्थ आपण घेतों. आणि नकळत तोच अर्थ पटावरहि लावतों. डाव बरोबरींत सुटला असें कोणीं सांगितलें कीं ऐकणारा विचारतो, "म्हणजे निकाल लागलाच नाहीं ना?"

आजच्या भाषणांत मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, बरोबरी हा पुरता निकाल आहे. तो दैवानें क्वचित् मिळतो. बहुधा ज्ञानानें मिळतो आणि अज्ञानानें हातचा जातो. मोठमोठ्या खेळाडूंपेक्षां आपल्यासारख्या बेताच्या खेळाडूंना ही गोष्ट अधिक उपयोगाची आहे.

उपयोगाची कशी, तें पाहा. शहापूर तालुक्यांतील शेणवा, किन्हवली, डोळखांब या बाजूच्या एखाद्या मुलाला स्पर्धेला जावयाचें झालें तर त्यानें आधीं शहापूर गांठावें, तेथून आसनगांवच्या स्थानकावर यावें, आणि मग लोकल गाडीनें कल्याणला किंवा ठाण्याला जावें. एवढा प्रवास करून तो पटाशीं बसतो, तीन तास झुंजतो, शेवटीं प्रतिपक्ष्याचें एक प्यादें अधिक झालेलें पाहतो आणि 'आतां काय उरलें आहे?' असें म्हणून राजा आडवा करतो. प्रत्यक्षांत त्याच्या हातीं अर्धा गुण असतो. तो घेण्याची रीत त्याला कोणीं सांगितलेली नसते. ही रीत फार अवघड नाहीं. ती आज सांगावी असा माझा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास. आपल्या जुन्या देशी खेळांत निकालाचे प्रकार आजच्यापेक्षां अधिक होते. प्याद्यानें मात केली तर ती प्यादेमात. तिचा मान मोठा. प्रतिपक्ष्याचे सारे मोहरे व प्यादीं मारलीं जाऊन त्याचा राजा तेवढा एकटा उरला, म्हणजे बुर्जी झाली असें म्हणत, आणि डाव तेथेंच थांबे. बुर्जी म्हणजे पूर्ण मात नव्हे. म्हणून प्रबळ पक्षाला एक चिंता सतत असे. शत्रूचें बळ फार खाऊन चालत नसे, मात होईपर्यंत त्याच्यापाशीं एखादें तरी प्यादें राखावें लागे. जिचेविषयीं निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळे संकेत होते. ही अनिश्चितता आपल्याकडेच होती असें मात्र नव्हे. इंग्लंडांतहि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जिच करणाऱ्याचा पराभव मानीत. बरोबरीचा नियम तेथें त्यानंतर रुळला.

देशी व विलायती या दोन पद्धति आपल्या भागांत दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदल्या. इ. स. १८१४ मध्यें मुंबईंत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर छापलें गेलें, आणि तें युरोपीय खेळाच्या पद्धतीला जुळवून घेतलेलें होतें. पुढें १९२४ मध्यें पॅरिस येथें बुद्धिबळाचा जागतिक संघ स्थापन झाला, भारतांत १९५१ मध्यें अखिल भारतीय संघ निघाला, आणि स्पर्धांपुरता तरी एकच नियम सर्वत्र लागू झाला. त्या नियमाप्रमाणें विजयाला एक गुण, पराभवाला शून्य आणि बरोबरीला दोघांनाहि अर्धा अर्धा गुण. बुर्जीला आतां वेगळें स्थान नाहीं. एकट्या राजावर मात करण्याइतकें बळ हातीं असेल तर मात करून दाखवावी लागते, आणि नसेल तर डाव बरोबरीचा ठरतो.

आजच्या नियमांत बरोबरीचीं दारें पांच आहेत. पहिलें जिच. दुसरें, मात होणेंच अशक्य झालें तें. उदाहरणार्थ राजाविरुद्ध राजा, किंवा एकट्या राजाविरुद्ध राजा व एक घोडा. तिसरें, दोन्ही खेळाडूंची संमति. चौथें, तीच स्थिति, खेळी त्याच खेळाडूची असतांना, तिसऱ्यांदां पटावर येणें. पांचवें, दोन्ही बाजूंच्या पन्नास पन्नास खेळ्यांत एकहि प्यादें न हलणें व एकहि मोहरा न मारला जाणें. चौथें व पांचवें दार आपोआप उघडत नाहीं; खेळाडूला पंचाकडे मागणी करावी लागते. मात्र तीच स्थिति पांचदां आली, किंवा तशा पंचाहत्तर खेळ्या झाल्या, तर कोणीं मागणी न करतांहि डाव बरोबरीचा ठरतो. हा नियम २०१४ पासून आहे.

आतां श्रोत्यांनीं पट समोर घ्यावा. पटाच्या उभ्या स्तंभांना पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशीं नांवें आहेत, आणि आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूनें एक ते आठ अशा मोजावयाच्या. ई स्तंभांतील पांचवें घर म्हणजे ई-५.

दोन बेताच्या खेळाडूंचा एक कल्पित डाव घेऊं. आरंभ नेहमीसारखा झाला, दोघांनींहि राजे सुरक्षित केले, मध्यंतरीं काळ्याच्या हातून एक प्यादें गेलें. 'एक प्यादें अधिक असलें कीं मोहरे कापावे' हें सूत्र पांढऱ्यानें कोठें तरी ऐकलेलें होतें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. त्यानें वजीर कापले, हत्ती कापले, उंट व घोडे गेले, दोन्ही बाजूंचीं बाकीचीं प्यादींहि एकमेकांत संपलीं, आणि शेवटीं पटावर तीनच सोंगट्या उरल्या. पांढरा राजा ई-५ वर, पांढरें प्यादें ई-६ वर, काळा राजा ई-७ वर. खेळी पांढऱ्याची आहे.

प्यादें पुढें सरूं शकत नाहीं, कारण समोर काळा राजा उभा आहे. म्हणून पांढरा राजा बाजूला डी-५ वर येतो. आतां काळ्याला चार घरें मोकळीं आहेत: डी-८, ई-८, एफ-८ आणि एफ-६. या चारांपैकीं तीन घरीं पराभव आहे आणि एका घरीं बरोबरी. तें घर ई-८. म्हणजे ज्या स्तंभांत प्यादें आहे त्याच स्तंभांतून सरळ मागें. पांढरा राजा डी-६ वर येतो. काळा राजा डी-८ वर जाऊन त्याच्या समोर उभा राहतो. दोन राजांमध्यें एकच घर मोकळें राहिलें आणि पुढची खेळी पांढऱ्यावर आली. तो प्यादें ई-७ वर ढकलून शह देतो. काळा राजा ई-८ वर येतो. आतां पांढऱ्याला प्यादें राखावयाचें तर राजा ई-६ वर नेण्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि तो तेथें गेला कीं काळ्या राजाला शह नाहीं व हलावयाला घरहि नाहीं. जिच झाली. दुसरीकडे राजा नेला तर प्यादेंच मारलें जातें.

हाच डाव पुन्हां मांडा आणि काळ्याकडून चूक करवा. पांढरा राजा डी-५ वर आला असतां काळा राजा ई-८ ऐवजीं डी-८ वर न्या. पांढरा राजा डी-६ वर येतो. समोरासमोर तो आतांहि आलाच, परंतु खेळी या वेळीं काळ्याची आहे. त्याला ई-८ वर जावें लागतें. प्यादें ई-७ वर येतें, आणि तें शह न देतां येतें, हें नीट पाहा. काळ्याला एफ-७ हें एकच घर उरतें. पांढरा राजा डी-७ वर येऊन वजिराच्या घरावर ताबा मिळवतो, आणि पुढच्या खेळीला प्याद्याचा वजीर होतो. दोन्ही वेळां मोहरे तेच, बळ तेंच. फरक एका घराचा. पहिल्यांत अर्धा गुण, दुसऱ्यांत शून्य.

यांतील तत्त्व थोडक्यांत सांगतां येतें. दोन राजे एकाच ओळींत किंवा स्तंभांत, मध्यें एक घर सोडून उभे असतां ज्याला खेळावें लागतें तो हटतो. म्हणून दुर्बळ पक्षानें मागें सरतांना सरळ सरावें, म्हणजे शत्रु कोणत्याहि बाजूनें आला तरी त्याच्या समोर जाण्याची सोय राहते. चाळीस खेळ्यांच्या डावाचा निकाल या एका वाक्यावर लागल्याचीं उदाहरणें गांवोगांवच्या स्पर्धांत नित्य घडत असतात.

दुसरी स्थिति याहून नवलाची आहे. पांढऱ्यापाशीं राजा, एक उंट आणि एच स्तंभांतील एक प्यादें. काळ्यापाशीं केवळ राजा. जुन्या हिशेबानें ही बुर्जी झाली आणि आतां विजयाला उशीर नाहीं असें कोणालाहि वाटेल. पण पांढऱ्याचा उंट कोणत्या रंगाच्या घरांवर चालतो, हें आधीं विचारावें. एच-८ हें कोपऱ्याचें घर काळें आहे. उंट पांढऱ्या घरांवर चालणारा असेल तर तो त्या घराला कधींच स्पर्श करूं शकत नाहीं. काळा राजा वेळेवर त्या कोपऱ्यांत पोहोंचला तर त्याला तेथून हुसकून लावण्याचा उपाय पांढऱ्यापाशीं नाहीं. तो कोपऱ्यांत आणि त्याच्या शेजारच्या घरांत येरझारा घालीत राहतो. पांढऱ्यानें फार रेटलें तर जिच होते. उंट काळ्या घरांचा असता तर हाच डाव सहज जिंकतां आला असता. म्हणून उंट कापतांना किंवा कडेचें प्यादें राखतांना रंगाचा विचार दहा खेळ्या आधींच करावा लागतो. अडचणींत सांपडलेल्यानें तर आपला राजा कोणत्या कोपऱ्याकडे धांवावा हें या एका ज्ञानावरून ठरवावें.

तिसरा प्रकार अखंड शहाचा. येथें दुर्बळ पक्ष पळत नाहीं, उलट मारा करीत राहतो. काळा राजा जी-८ वर आहे, त्याचा हत्ती एफ-८ वर आहे, आणि राजापुढचीं तिन्ही प्यादीं नाहींशीं झालीं आहेत. काळ्याचें बळ इतरत्र पुष्कळ आहे, पण राजाजवळ मध्यें पडावयाला दुसरें कोणी नाहीं. पांढऱ्याचा वजीर जी-६ वर येऊन शह देतो. राजाला एच-८ हेंच घर आहे. वजीर एच-६ वर जाऊन पुन्हां शह देतो. राजा परत जी-८ वर. वजीर पुन्हां जी-६ वर. अशा रीतीनें तीच स्थिति तिसऱ्यांदां येते आणि पांढरा बरोबरीची मागणी करतो. त्याचा एक हत्ती कमी असो कीं दोन, त्या मागणीला बाध येत नाहीं. ज्यानें संपत्ति गोळा केली पण घराचें दार उघडें ठेवलें, त्याच्यावर अशी पाळी येते.

या तीन चित्रांवरून एक गोष्ट ध्यानांत येईल. तिन्हींत एका पक्षाचें बळ अधिक होतें, आणि तिन्हींत तें बळ निरुपयोगी ठरलें. बुद्धिबळांत अधिक असणें म्हणजे जिंकणें नव्हे. अधिक असलेल्याचें मातेंत रूपांतर करतां आलें पाहिजे. तें करतां न आल्यास नियम म्हणतो कीं, तुम्ही दोघे समान आहांत.

आतां स्पर्धेंतील व्यवहार. बरोबरीचा प्रस्ताव करावयाचा तर त्याचा क्रम ठरलेला आहे: आधीं आपली खेळी करावी, मग प्रस्ताव करावा, आणि मग घड्याळाची कळ दाबावी. प्रतिपक्षी विचार करीत असतांना प्रस्ताव करणें, किंवा नाकारला असतां पुन्हां पुन्हां करणें, हा त्याला त्रास देण्याचा प्रकार होय. तीच स्थिति तिसऱ्यांदां आपल्या खेळीनें येणार असेल तर ती खेळी पटावर करूं नये. कागदावर लिहावी, पंचाला बोलवावें आणि मागणी सांगावी. मागणी चुकीची ठरली तर प्रतिपक्ष्याला दोन मिनिटें अधिक मिळतात आणि डाव पुढें चालतो. यावरून डावाची नोंद शुद्ध ठेवण्याचें महत्त्वहि कळेल. ज्याच्या कागदावर खेळ्या चुकीच्या आहेत त्याचा हक्क सिद्ध होणें कठीण.

अर्ध्या गुणाचें मोल किती, तेंहि हिशेबानें पाहूं. सात फेऱ्यांच्या स्पर्धेंत चार डाव जिंकून तीन हरणाऱ्याचे गुण चार. त्याच तिन्ही डावांत बरोबरी राखणाऱ्याचे साडेपांच. यादींत या दोघांमध्यें पुष्कळ नांवें येतात. जागतिक संघाच्या गुणांकनांतहि हेंच दिसतें. आपला गुणांक १५०० आणि प्रतिपक्ष्याचा १७०० असेल, तर आपल्याकडून दर डावाला सरासरी ०.२४ गुणाची अपेक्षा धरलेली असते. डाव बरोबरींत सुटला कीं आपण अपेक्षेहून ०.२६ अधिक मिळवलें. २० चा गुणक धरल्यास गुणांक सुमारें पांचानें वाढतो, आणि प्रतिपक्ष्यालाहि तोच गुणक लागू असल्यास त्याचा तितकाच उतरतो. ज्याला आपण 'निकाल न लागणें' म्हणतों त्याचा निकाल वहींत असा उमटतो.

मोठ्यांच्या इतिहासांतहि बरोबरीनें फार मोठीं कामें केलीं आहेत. १९८४ च्या सप्टेंबरांत मॉस्को येथें कार्पोव्ह व कास्पारोव्ह यांचा जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. जो आधीं सहा डाव जिंकेल तो विजेता, असा करार होता. नऊ डावांअखेर कार्पोव्हचे चार विजय झाले होते आणि कास्पारोव्हचा एकहि नव्हता. तेव्हां तरुण कास्पारोव्हनें जिंकण्याची घाई सोडली आणि हरावयाचें नाहीं हा निश्चय केला. पुढचे सतरा डाव सलग बरोबरींत गेले. नंतर एक डाव तो हरला, पण सहावा पराभव त्यानें येऊं दिला नाहीं. उलट तीन डाव जिंकले. १९८५ च्या फेब्रुवारींत सामना थांबविण्यांत आला तेव्हां ४८ डाव झाले होते, आणि त्यांपैकीं ४० बरोबरीचे होते. त्याच वर्षीं नव्यानें झालेल्या सामन्यांत कास्पारोव्ह जगज्जेता झाला. त्या चाळीस डावांना निष्फळ कोण म्हणेल?

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरणेंहि आहेत. १९५५ मध्यें एलुरू येथें झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेंत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या हे बरोबरीनें पहिले आले, आणि विजेतेपद दोघांचें मिळून झालें. अलीकडचें उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचें. २०२५ च्या जुलैंत जॉर्जियांतील बातुमी येथें महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत तिची व आंध्र प्रदेशच्या कोनेरू हंपीची झाली. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरींत सुटले. जलद डावांपैकीं पहिलाहि बरोबरींत सुटला. चौथा डाव, काळे मोहरे घेऊन, दिव्यानें जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षीं विश्वचषक मिळवला. वृत्तपत्रांतून त्या चौथ्या डावाचें वर्णन पुष्कळ झालें, तें योग्यच. परंतु आधींचे तीन डाव तिनें राखले नसते तर चौथ्याचा प्रसंगच आला नसता.

बरोबरीची एक वाईट बाजूहि सांगितली पाहिजे. दहाबारा खेळ्या होतात न होतात तोंच हात मिळवून उठणारे खेळाडू असतात. एकाला प्रतिपक्ष्याच्या नांवाची भीति वाटते, दुसऱ्याला श्रम नको असतात. नियमाला यांत आक्षेप नसला तरी शिकणाऱ्याचें यांत नुकसान आहे. वर दाखविलेल्या तीन बरोबरींत खेळाडूनें कांहीं तरी ओळखलें होतें: कोठें राजाची जागा, कोठें घराचा रंग, कोठें शत्रूचें उघडें दार. घाबरून घेतलेल्या बरोबरींत असें कांहींच नसतें. अर्धा गुण दोघांचा सारखाच. परंतु पुढच्या डावाला बसतांना एकजण कांहीं शिकून आलेला असतो व दुसरा रिकामा.

ग्रामीण भागांतील शिक्षकांना व वडील मंडळींना माझी एक विनंती आहे. मुलांना आरंभींच्या खेळ्या पाठ करविण्यांत वर्ष घालवूं नका. पटावर दोन राजे आणि एक प्यादें मांडा आणि आळीपाळीनें दोन्ही बाजूंनीं खेळवा. एकदां राखावयाला, एकदां जिंकावयाला. दहा संध्याकाळीं हें झालें कीं राजा कोठें ठेवावा हें मुलाच्या बोटांना कळूं लागेल. मग कडेचें प्यादें व उंट, आणि मग अखंड शह. याला महागडीं पुस्तकें लागत नाहींत, शिकविणारा मोठा खेळाडूहि लागत नाहीं. एक पट आणि जिंकण्याहरण्यापलीकडे पाहण्याची थोडी तयारी पुरे. आणि मुलाला एवढें बजावून सांगा कीं, आपला राजा आडवा करण्यापूर्वीं त्याला कोणकोणतीं घरें मोकळीं आहेत तीं एकदां मोजून पाहा.